भरतीची पाऊणकी

गुरुवार, रात्री

निफाडहून निघताना मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पाणथळ जागा बघायला मुंबईला निघालात? आपल्या दारात नांदूरमध्यमेश्वर असताना?"

प्रश्न रास्त होता. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा आमच्या शाळेपासून जवळ. महाराष्ट्रातली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली पहिली जागा हीच, २०१९ साली. आमची पोरं वारकरी आणि चमचा लांबून, नुसत्या चालीवरून ओळखतात. पण त्यांनी खारं पाणी पाहिलेलं नाही. भरती-ओहोटीचा धडा मी अकरा वर्षं शिकवते आहे तो फळ्यावर चंद्र काढून, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पाणी जातं कुठे?" यंदा आठवीची सहल मुंबईला न्यायचं ठरलं, तेव्हा राणीची बाग, गेटवे, चौपाटी या ठरलेल्या यादीत मी हळूच एक ओळ घुसवली: कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं तिवरांचं, खारफुटीचं रान. मग आधी आपण जाऊन बघावं म्हणून शुक्रवार-शनिवारची रजा टाकली.

मुक्काम ताईकडे, मुलुंड पूर्वेला. रात्री पोहोचले तर भावजी कालनिर्णय भिंतीवरून काढून मांडीवर घेऊन बसलेले. ते मूळचे रेवदंड्याचे. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी समुद्राचा हिशेब अंगातून गेलेला नाही.

"उद्या काय, द्वादशी. बारा पाऊणे नऊ. म्हणजे नवाच्या सुमारास भरती."

मी नुसती बघत राहिले. पाऊणकीचा पाढा माझ्या आजोबांना यायचा. त्याचा असा उपयोग असतो हे भूगोलाच्या बाईंना माहीत नव्हतं! हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीला सहाला भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, खाडीत आत शिरावं तसं आणखी थोडं उशिरा. पण कोकणातल्या माणसाला मोबाइल नसताना एवढं पुरायचं.

"आणि पुनवेला उधाण, अष्टमीला भांग," भावजी म्हणाले. उधाणाला पाणी खूप चढतं, खूप उतरतं. भांगाला फारसं हलत नाही.

ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "झालं यांचं सुरू. आता तिला तीन दिवस पंचांगावर फिरवतील."

तसंच झालं.

शुक्रवार, माघ शुद्ध द्वादशी

आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान. बरोबर भाचा. नववीत आहे, सराव परीक्षा परवाच संपली. त्याला पक्ष्यांपेक्षा त्यांचे फोटो जास्त आवडतात. लोकलनं सायन, तिथून बस, आणि धारावी डेपोजवळ उतरल्यावर समोर फाटक. रस्त्यावर टेम्पो, हॉर्न, तळणाचा वास. फाटकातून दहा पावलं आत गेलं की आवाज मागे राहतो. बंद होत नाही, मागे राहतो एवढंच.

३७ एकरांची ही जागा. सत्तरच्या दशकापर्यंत इथे मुंबईचा कचरा यायचा, डोंगर होता त्याचा. मग तो बंद झाला, वर माती पसरली, झाडं लावली, आणि १९९४ साली ते लोकांसाठी उघडलं. आत शिरताना हे सगळं फलकावर वाचायला मिळतं; पण पायाखाली जमीन उगाच वरखाली का होते, ते चालताना कळतं. सपाट जमिनीवर वाढलेलं रान असं लाटेलाटेनं चालत नाही.

झाडं मात्र गच्च. करंज, उंडी, बहावा, बांबूची बेटं, खाली अडुळसा. एक नीलवंत फुलपाखरू पायवाटेवर असं आडवं गेलं की भाच्यानं फोन काढेपर्यंत दिसेनासं झालं. राज्याचं फुलपाखरू ते. "मावशी, स्लो मोशनमध्ये पाहिजे होतं गं." गांडूळखताचे हौद पाहिले, पावसाचं पाणी साठवायचं तळं पाहिलं. रोपवाटिकेत एक माळीकाका पिशव्या भरत होते. मी मातीत हात घातला. भुसभुशीत, काळी, छान माती.

"ही वरची," ते म्हणाले. "तिकडे दोन फूट खणा ना ताई, अजून चपला निघतात."

खरोखरच एका वडाच्या मुळात, पावसानं माती धुपलेली होती तिथे, दुधाच्या पिशवीचं निळं टोक दिसत होतं. मूळ तिच्या अंगावरून गेलं होतं. पिशवी माझ्या वयाचीही असेल.

तिथेच मुंबईतल्या कुठल्याशा शाळेची पाचवी-सहावीची मुलं आली होती. प्रत्येकाच्या हातात छापील कागद. झाडावरची पाटी वाचायची, नाव उतरवायचं, पुढच्या झाडाकडे धावायचं. वीस नावं झाली की खाऊ. मी हे हसण्यावारी नेत नाही, नांदूरला मीसुद्धा हेच केलंय. पण त्यातल्या एका मुलीनं बाईंना विचारलं, "टीचर, कचरा कुठंय?" बाई म्हणाल्या, "आता नाही बाळा, आता जंगल झालं." मुलीला ते पटलं नाही. ती खाली वाकून बघत राहिली. मला त्या मुलीला ते निळं टोक दाखवायचं होतं. पण दुसऱ्याच्या वर्गात तोंड घालू नये, गप्प बसले. आमच्या सहलीत पहिली गोष्ट तीच दाखवायची, असं वहीत लिहिलं.

उद्यानाच्या मागच्या अंगाला मिठी नदी. विहार आणि पवई तलावांचं वरचं पाणी घेऊन निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत उतरते. काठावर तिवरं, पलीकडच्या तीरावर बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचा. ते संकुलही दलदलीवर भर घालूनच उभं आहे. साडेअकरा वाजले होते, म्हणजे पाऊणकीप्रमाणे ओहोटी लागून दोन-अडीच तास झालेले. पाणी काळं, आणि समुद्राकडे निघालेलं. तिवरांच्या फांद्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या, सगळ्या एकाच उंचीवर, जशी काही कुणी दोरी बांधून कपडे वाळत घातलेत. भाच्याला विचारलं, "या सगळ्या एका ओळीत का?" त्यानं पाण्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. "भरती तिथपर्यंत येते." अकरा वर्षांचा माझा फळा त्या पिशव्यांपुढे फिका पडला.

२६ जुलै २००५ ला याच नदीनं शहर बुडवलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वर भरतीची वेळ, नदीचं पात्र भरावानं आवळलेलं. ताई त्या दिवशी कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पाण्यातून चालत आली होती. भाचा तेव्हा जन्मला नव्हता. "आई हे सांगत बसते दर पावसाळ्यात," तो म्हणाला, पण आज पहिल्यांदा नदी बघून म्हणाला. एवढीशी नदी. आमच्या कादवेपेक्षा काही मोठी नाही.

तिथून बाहेर पडून आम्ही धारावीच्या तेरा कंपाउंडकडे गेलो. हे सहलीच्या बेतात नव्हतं. पण उद्यानात "कमी वापरा, पुन्हा वापरा" हे इतक्या पाट्यांवर वाचलं होतं की ते प्रत्यक्षात कोण करतं, बघावंसं वाटलं. एका गाळ्यात दोन माणसं फुटक्या बादल्या, खुर्च्यांचे पाय, शाम्पूच्या बाटल्या वेगळ्या करत होती. एकजण तुकड्यावर टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि योग्य ढिगावर फेकायचा. आवाजावरून शंका राहिली तर लायटरनं कोपरा जाळून वास घ्यायचा. रसायनशास्त्राची याहून बरी प्रयोगशाळा मी पाहिलेली नाही, आणि याहून वाईटही नाही. हातमोजे नाहीत, पत्र्याचं छप्पर, डोळ्यांत झोंबणारा धूर. मुलांना इथे आणता येणार नाही. तीस पोरं त्या बोळात मावणारच नाहीत, आणि कुणाच्या कष्टाचं प्रदर्शन करायचं नाही. पण उद्यानाचं वर्णन करताना रस्त्यापलीकडचा हा गाळा गाळला तर मी मुलांना अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

कुंभारवाड्यातून ताईसाठी एक दह्याचं मडकं घेतलं. लोकलच्या गर्दीत ते पोटाशी धरून उभी होते तर एका बाईंनी बसायला जागा दिली. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

शनिवार, त्रयोदशी

तेरा पाऊणे पावणेदहा. होडीची आमची वेळ साडेआठची, म्हणजे पाणी चढतीला. सकाळी ऐरोलीचा पूल ओलांडला तेव्हा खाडीवर धुकं होतं आणि मिठागरांच्या बाजूनं बगळ्यांची एक लांब रांग निघाली होती.

ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं. हा कक्ष २०१२ साली स्थापन झाला. त्याआधी तिवर म्हणजे तोडून जागा मोकळी करायचं झुडूप, असाच बहुतेकांचा समज. आत फलक आहेत, नमुने आहेत, काचेच्या टाक्यांत मासे आहेत. चांगलं आहे. पण टाकीपाशी मुलं जितका वेळ थांबतात तितकाच वेळ मी थांबले आणि बाहेर कांदळात आले.

इथे मात्र खूप वेळ गेला. पाठ्यपुस्तकात "खारफुटी" हा एकच शब्द आहे. समोर बघितलं तर एकेकाचा स्वभाव निराळा. तिवराची मुळं चिखलातून उभ्या पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड मुळंच वर काढून श्वास घेतं. तिवराच्या पानाची पाठ जिभेला लावली. खारट! झाड मुळांवाटे आलेलं जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. ऊन असेल तर बारीक कण चमकताना दिसतात. भाच्यानं तीन पानं चाटली आणि म्हणाला, "वेफर्ससारखं." कांदळाच्या शेंगा झाडावर असतानाच रुजतात. हिरव्या लांब काठीसारखं रोप आईच्या अंगावर लोंबत राहतं आणि ओहोटीत सुटलं तर बाणासारखं चिखलात उभं घुसतं, भरतीत सुटलं तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं. हुरा नावाचं एक झाड आहे, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती, त्याला हात लावू द्यायचा नाही. मारंडीची पानं काटेरी, फुलं जांभळी. आणि पांढरी चिप्पी, जिला २०२० साली राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल हे आमची मुलं घडाघडा म्हणतात. आता चिप्पीही घालते त्यात.

मुळांच्या पेन्सिलींमधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालतो, दोन डोळे डोक्यावर बटणासारखे. छोटे खेकडे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती हलवत माद्यांना बोलावणारे. तासभर त्यांच्याकडेच बघत बसले असते, पण होडीची शिटी झाली.

होडीवरचे तांडेल जवळच्याच कोळीवाड्यातले. आम्ही मिळून वीसेक माणसं, बहुतेकांच्या गळ्यात हातभर लांब लेन्स. मी तांडेलांशेजारी बसले. त्यांना भावजींचा पाऊणकीचा हिशेब सांगितला. ते हसले. "बरोबर हाय, पन इकडं खाडीत पानी उशिरा चढतंय. अर्धा तास धरा." मग त्यांनी हाताच्या इशाऱ्यानं दाखवलं, कुठे त्यांचे वडील जाळं लावायचे, कुठे जिताडा मिळायचा, बोईट किती, चिंबोऱ्या किती. आता? त्यांनी इंजिनाचा आवाज वाढवला. नंतर आपणहून म्हणाले, "आता रोहित दाखवतो मी. तेंचाच धंदा." रोहित म्हणजे फ्लेमिंगो.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला. १६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीला देशात ७५ जागा पूर्ण करताना जी शेवटची अकरा नावं आली, त्यात हे नाव होतं. म्हणजे आमच्या नांदूरचं हे धाकटं भावंड, मधलं लोणार.

रोहित दिसायच्या आधी ऐकू आले. बदकांच्या थव्यासारखा कलकलाट, पण खालच्या सुरातला. मग कांदळाच्या कडेनं चिखलाची एक निमुळती पट्टी, आणि त्या पट्टीवर गुलाबी. मी फोटो शेकड्यानं पाहिलेत, तरी घशाशी काहीतरी आलं. पाणी चढत होतं. चिखलाची पट्टी डोळ्यांदेखत अरुंद होत होती, आणि पक्षी एकमेकांना खेटत आत आत सरकत होते, गाडी आली की प्लॅटफॉर्मवरची माणसं सरकतात तसे. कुणी उडत नव्हतं. शेवटी पाणी पोटाला लागलं तेव्हा एका टोकाकडून थवा उठला, आणि पंख उघडल्यावर आतला लालभडक आणि काळा रंग दिसला. अग्निपंख हे दुसरं नाव कुणी ठेवलं असेल त्यानं ते असेच, खालून, होडीतून पाहिले असणार.

थवा नवी मुंबईच्या तळ्यांकडे वळला. भरतीचे चार-पाच तास खाडीत पाय टेकायला जागा नसते, तेव्हा त्यांना ती तळी लागतात. ओहोटी लागली की परत. म्हणजे खाडी राखली आणि तळी बुजवली तर उपयोग नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री उतरणाऱ्या विमानावर असाच एक थवा आदळला. चाळीसच्या आसपास रोहित वस्तीत मरून पडले होते. भाच्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या गच्चीजवळ पिसं सापडली होती. त्यानं ती कंपासपेटीत जपून ठेवलीय, असं भाचा सांगत होता. तांडेल ऐकत होते, काही बोलले नाहीत.

लेन्सवाल्यांपैकी एका गृहस्थांनी तांडेलांना होडी आणखी जवळ घ्यायला सांगितली. "थोडं उडवा ना, फ्लाइट शॉट मिळेल." तांडेल म्हणाले, "ते खातायत साहेब." एवढंच. होडी होती तिथेच राहिली. माझ्या मते आजच्या दिवसातला सगळ्यात मोठा धडा त्या तीन शब्दांत होता, आणि तो कुठल्याही फलकावर नव्हता.

परत येताना कांदळतोडीचा विषय निघाला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, त्याच्या कडेला ५० मीटर पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. तांडेलांना हे सगळं पाठ. त्यांचं म्हणणं इतकंच, की तोडणारा रात्री येतो आणि डंपरनं राडारोडा टाकून जातो. झाड तोडावं लागत नाही, पाणी अडलं की ते आपोआप मरतं.

रविवार, माघी पौर्णिमा

पंधरा पाऊणे सव्वाअकरा, तांडेलांचा अर्धा तास धरून पावणेबारा. म्हणजे संध्याकाळी पावणेसहाला पूर्ण ओहोटी, आणि उधाण असल्यानं पाणी खूप लांब जाणार. शिवडीला साडेतीनपर्यंत पोहोचायचं होतं. पण रविवार, त्यामुळे मेगाब्लॉक. मुलुंड, दादर, तिथून टॅक्सी, असं करत चार वाजले. यावेळी भावजीही आले. ताईनं डबा दिला: तिळाची पोळी आणि लिंबाचं लोणचं.

शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० साली बांधला. त्याच्या खालून जेट्टीकडे जायचं. रस्त्याला ट्रक, तेलाचा वास, दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या लाकडी नावा, हातोड्यांचे ठोके. निसर्गदर्शनाची जागा म्हणून कुणी निवडणार नाही. पण नव्वदच्या दशकात याच चिखलावर रोहित यायला लागले आणि पक्षीवेड्यांनी दुर्बिणी खांद्यावर टाकून ही वाट पाडली. आता डोक्यावर अटल सेतू. २०२४ साली सुरू झाला, २१.८ किलोमीटर, आणि त्याची सुरुवात इथूनच. त्याच्या खांबांच्या पलीकडे, बरंच लांब, एक गुलाबी रेघ होती. कालच्यापेक्षा कमी. भावजी पूर्वी इथे जेट्टीच्या टोकावरून साध्या डोळ्यांनी पाहायचे, म्हणाले. आज दुर्बीण लागली.

जवळ मात्र बाकीची मंडळी भरपूर. शेकाट्या लाल काड्यांवर चालल्यासारखे, तुतवार शेपूट हलवत, कुरवांची भांडणं, एक समुद्र बगळा एकटाच ताठ उभा.

एका माणसानं तिपाईवर दुर्बीण लावली होती, त्यानं न मागता आम्हाला बघू दिलं. छोटे रोहित मान खाली सोडून चोच उलटी धरतात. वरची चोच खाली जाते. जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत शेवाळ अडकतं. चहाची गाळणीच म्हणा. या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळातल्या द्रव्यामुळे त्यांचा रंग गुलाबी होतो. पिल्लं करडीच असतात.

"आणि शेवाळ इथे इतकं कशानं?" भाच्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. खाडीला दोन्ही तीरांवरचं सांडपाणी मिळतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खत. आमच्या शेतात द्राक्षाला घालतो तेच. खत वाढलं, शेवाळ वाढलं, पक्षी आले. प्रमाणाबाहेर वाढलं की तेच पाणी इतर जिवांना मारतं. जिताडा गेला तो असाच असावा. "म्हणजे," भाचा म्हणाला, "ते आपल्या गटारामुळे गुलाबी आहेत?"

"अगदी तसंच नाही," मी म्हटलं.

"थोडंफार तसंच," भावजी म्हणाले.

ही गोष्ट आठवीला कशी सांगायची, याचा विचार करत मी उभी असतानाच मागे "मावशीऽऽ" अशी हाक आली. साहेब फोटोसाठी जेट्टीवरून खाली चिखलावर उतरले होते. वरून घट्ट दिसतो. एक पाय गुडघ्यापर्यंत, दुसरा घोट्यापर्यंत. जितकी धडपड तितका आत. नाव दुरुस्त करणाऱ्या दोघांनी एक फळी आडवी टाकली, त्याला तिच्यावर पोट टेकायला लावलं आणि भाजी उपटावी तसा उपटला. चप्पल राहिली आत. त्याच्या पायाला आला तो काळा, चिकट, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल. मी मास्तरीण, तशातही सांगितलंच, की प्राणवायू नसलेल्या चिखलात राहणारे जिवाणू हा गंधकाचा वायू सोडतात, आणि याच चिखलात किडे-शिंपल्यांचा बाजार भरलेला असतो, म्हणून तर हे सगळे पक्षी इथे.

"मावशी, नंतर," तो म्हणाला.

फळी टाकणाऱ्यांपैकी एकानं बादलीभर पाणी ओतलं. पैसे घेईना. तिळाची पोळी घेतली.

साडेपाचला पाणी इतकं लांब गेलं होतं की खाडी आहे की शेत, कळेना. रोहितांची रेघ पाण्यामागे आणखी दूर गेलेली. मावळतीच्या सुमारास पूर्वेकडे चंद्र वर आला, मोठा, मळकट. आणि भावजी त्याच्याकडे बोट दाखवून भाच्याला म्हणाले, "तो बघ, नेणारा." मी काहीच बोलले नाही. फळ्यावर मी चंद्र नेहमी डाव्या कोपऱ्यात काढते.

लोकलच्या डब्यात आमच्याभोवती आपोआप जागा झाली. ताईनं दारातच नाक दाबलं, मुलाला सरळ मोरीत पाठवलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही होतात ना बरोबर?" भावजी कालनिर्णय जागेवर अडकवत होते. रात्रीच्या गाडीनं मी निघाले.

सोमवार, २ फेब्रुवारी

शाळा गाठली ती झोप डोळ्यांत घेऊनच. पाणथळ दिनाचं चित्रकलेचं आयोजन होतं. सत्तावीस मुलांनी नांदूर काढलं, सगळ्यांनी निळं पाणी.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांपुढे सहलीचा कागद ठेवला. पहिल्या दिवशी निसर्ग उद्यान, दुसऱ्या दिवशी ऐरोलीची होडी, शिवडी रद्द. त्यांनी चष्मा लावून वाचलं. तारखेच्या जागी मी लिहिलं होतं: फाल्गुन वद्य द्वादशी किंवा त्रयोदशी, अष्टमी नको.

"पंचांग कशाला मॅडम? सहल आहे, लग्न नाही."

"सर, तुम्हाला पाऊणकी येते का?" मी विचारलं.